योहानकाका आणि पक्षाचा रकाना

योहानकाका पाटोळे गेल्याची बातमी मला शाळेत, दुसऱ्या तासाला कळली. त्यांच्या मुलीने, सुशीलाने, कंपू भागातल्या इस्पितळातून चिठ्ठी पाठवली होती. "बाबा सकाळी गेले. त्रास झाला नाही." मी ती वाचली, तिची घडी घातली आणि मला सुटल्यासारखं वाटलं... हे लिहायला संकोच वाटतो, पण काकांवर लिहायचं तर खरं तेच लिहायला हवं. तीनच दिवसांपूर्वी मी त्यांच्या खाटेशी बसून त्यांना सांगितलं होतं की ज्या चुकीपायी त्यांनी आमच्या ख्रिस्ती मंडळीतलं काम सोडलं, ती चूक त्यांची नव्हती, माझी होती. हे सांगायला मला पाच वर्षं लागली. आणखी तीन दिवस लागले असते, तर ते राहूनच गेलं असतं.

काका आणि माझे वडील तरुणपणी मिरजेकडून एकत्रच ग्वाल्हेरला आले. वडील मिशनच्या शाळेत शिकवू लागले आणि काका दरबाराच्या दफ्तरखान्यात लागले. तिथे त्यांचं काम एकच, कागद सांभाळणं. कोणता हुकूम कागदांच्या कोणत्या बस्त्यात बांधलेला आहे हे ते न उठता सांगत. आमची प्रेस्बिटेरियन मंडळी लहान, जयेंद्रगंजातली दोन गल्ल्यांमधली घरं मोजली की संपली. पाळकांच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, बरोबरीने कारभार पाहायला आमच्याकडे वडीलजन निवडून देतात. त्यांत काका वर्षानुवर्षं होते, आणि मंडळीच्या शनिवारच्या व्याख्यानांची व्यवस्था त्यांच्याकडे होती. ही व्याख्यानं सर्वांना खुली असत. ऐकायला अर्ध्याहून अधिक माणसं मंडळीबाहेरची येत, आणि बोलणारेही बहुतेक बाहेरचेच.

संस्थान होतं तोवर वक्ता कुणाच्या बाजूचा हे विचारायची कुणाला गरज पडली नाही. बाजू एकच होती. मग संस्थान विलीन झालं, मध्यभारत झाला आणि प्रत्येक वक्ता खिशात एक झेंडा घेऊन येऊ लागला. ग्रामसुधारणेवर बोलायला आलेल्या एका गृहस्थांनी तासभर एकाच पक्षाचे गोडवे गायले. ते गेल्यावर पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या सुवार्ताबाईंनी विचारलं, "योहान, हे आपले पाहुणे होते की आपण त्यांचे?" काकांनी ते मनाला लावून घेतलं. पुढच्या शनिवारपासून त्यांनी प्रथा सुरू केली. निमंत्रणासोबत एक चिठ्ठी जायची. तिच्यावर एकच प्रश्न असायचा, "आपण कोणत्या पक्षाचे सभासद आहात? नसल्यास 'नाही' लिहावे." या चिठ्ठ्या दरबाराच्या नागमुद्रेच्या कोऱ्या कागदांच्या पाठीवर लिहिलेल्या असत. नव्या राज्यात ते कागद रद्द झाले होते आणि दफ्तरखान्याने ते रद्दीत काढले होते. व्याख्यानाआधी काका उभे राहून सांगत, "आजचे वक्ते अमुक पक्षाचे सभासद आहेत. मंडळी कोणत्याच पक्षाची नाही. आता मोकळ्या मनाने ऐका." एवढं बोलून बसत. पाळकांना हे जरा उद्धट वाटे. काका म्हणत, "साहेब, पाहुण्याला वाढताना आपण सांगतोच ना, आमटीत गूळ आहे म्हणून? खायचं की नाही ते तो ठरवील." हळूहळू लोकांना ते आवडू लागलं. समाजवादी आले, लाल बावटेवाले आले, राज्यकर्त्या पक्षाचे आले, राजवाड्याच्या बाजूचेही आले. सगळ्यांनी चिठ्ठी भरून दिली.

यादी माझ्याकडे होती. मला याद्या करायला आवडतात, घरी वाणसामानाचीसुद्धा वर्णानुक्रमे असते. वक्त्यांच्या वहीत मी चार रकाने आखले होते. नाव, विषय, तारीख, पक्ष. चिठ्ठ्या काकांच्या घरी यायच्या, ते मला द्यायचे, मी वहीत उतरवायची आणि शनिवारी वही त्यांच्या हाती ठेवायची. माझ्या यादीत चूक नसते, हे मी चारचौघांत सांगतही असे.

पहिल्या निवडणुकीच्या आधीची गोष्ट. दिघे वकील व्याख्यानाला येणार होते. दक्षिणेतून आलेल्या जुन्या दरबारी घराण्यातले, बोलण्यात फर्डे. आदल्या वर्षीही ते बोलून गेले होते, समाजवादी म्हणून. यंदा त्यांची चिठ्ठी आली नाही. शुक्रवार उजाडला तरी चौथा रकाना रिकामा. मला रिकामा रकाना बघवत नाही. मी मागच्या वर्षीचं पान उघडलं आणि त्यावरून उतरवून टाकलं, "समाजवादी". काकांना विचारलंही नाही.

शनिवारी काकांनी वहीत पाहून ते वाचलं. दिघे वकिलांचा चेहरा लाल झाला. तीन आठवड्यांपूर्वीच ते राज्यकर्त्या पक्षात गेले होते आणि उमेदवारीच्या खटपटीत होते. मागून कुणीतरी ओरडलं, "वकीलसाहब, कल तक तो वहीं थे!" दुसरा म्हणाला, "अरे, शाम तक का बताओ!" सभागृह हसलं. वकील उठले. "पाटोळेसाहेब, ही मस्करी आहे का? चिठ्ठी मी पाठवली आहे. चार दिवस झाले. माझ्या हातची!" काका क्षणभर गोंधळले. मग हात जोडून म्हणाले, "पाठवली असेल तर ती माझ्याकडून गहाळ झाली. माफी असावी." वकील व्याख्यान न देताच निघून गेले. दोन दिवसांत गावभर झालं की ईसाई लोक समाजवाद्यांना मिळाले आहेत आणि दुसऱ्यांना घरी बोलावून अपमान करतात. मंडळीवर तशीही लोकांची नजर होती, मिशन परदेशी म्हणून. पाळक घाबरले.

सोमवारी टपालात दिघे वकिलांची चिठ्ठी आली. माझ्या शाळेच्या पत्त्यावर. त्या वर्षी निमंत्रणावर सही माझी होती, त्यांनी सहीखालचा पत्ता धरला होता. मी ती वाचली आणि टेबलाच्या खणात ठेवली. तेव्हा जुन्या संस्थानांच्या शाळा एका खात्यात घेतल्या जात होत्या, आणि मुख्याध्यापिका म्हणून माझी नेमणूक कायम व्हायची होती. या भानगडीत माझं नाव नको, असं मी स्वतःला सांगितलं. ते कारण खरं होतं, पण सगळं कारण तेवढंच नव्हतं. यादी चुकली होती आणि ती माझी होती, हे मला कुणासमोर म्हणवत नव्हतं. काका मात्र मलाच समजावत होते, "तू तरी काय करणार, मनू? चिठ्ठीच दिली नाही मी तुला, मग मागचंच राहिलं वहीत."

वडीलजनांच्या बैठकीत काका म्हणाले, "प्रथा ठेवा, मला काढा." मंडळीने त्यांनाही जाऊ दिलं आणि प्रथाही बंद केली. पुढे धोका नको म्हणून मधमाश्या, दातांची निगा असले विषय ठेवले. दातांवरच्या व्याख्यानाच्या शेवटी वक्त्याने आपल्या पक्षासाठी मतं मागितली. मागच्या बाकावर बसलेले काका खाली मान घालून हसत होते, ते मी पाहिलं.

मग मध्यभारतही संपला, मध्य प्रदेशात मिळाला. दफ्तरं भोपाळला जायला निघाली. काका नुकतेच निवृत्त झाले होते, तरी बस्ते मोजून द्यायला रोज जात. शेवटचा ट्रक गेला त्या संध्याकाळी आम्ही फूलबागेत भेटलो. "सलाम काका, संपलं?" मी विचारलं. "संपलं. इतक्या वर्षांत एक कागद कमी नाही." थोडं चालल्यावर म्हणाले, "हरवला तो एकच, मंडळीतला. अजून शोधतो मी... कुठे ठेवला असेन?" शाळेची नेमणूक कायम होऊन चार वर्षं झाली होती, तरीही मी चिठ्ठीचं सांगितलं नाही. घरी आल्यावर चिठ्ठी खणातून काढून पिशवीत ठेवली, एवढंच केलं. ती पिशवीत आठ महिने फिरली.

मी इस्पितळात भेटायला गेले तेव्हा काकांचा आवाज अगदी खाली गेला होता. मी चिठ्ठी त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी आधी नागमुद्रा पाहिली, मग चष्मा मागितला.

"दिघ्यांची? कुठे मिळाली?"

"हरवलीच नव्हती, काका. शाळेच्या पत्त्यावर आली, सोमवारी. आणि वहीत मी मागच्या वर्षीचं उतरवून ठेवलं होतं. तुम्हाला न विचारता."

"म्हणजे माझ्याकडे आलीच नव्हती?"

"नाही."

"मी हरवली नाही?"

"नाही, काका."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता तोंड फिरवतील. मग त्यांची छाती हलायला लागली. ते हसत होते. "सुशीला, ऐकलंस? मी तुझ्या आईची ट्रंकसुद्धा उलटी केली होती! तिने आठ दिवस अबोला धरला." हसता हसता खोकला आला. तो थांबल्यावर माझ्याकडे बघून म्हणाले, "हे तेव्हाच सांगायला हवं होतंस, मनू. पाच वर्षं मी स्वतःला भुलक्कड समजत होतो."

"हो, काका."

"रागावलोय मी."

"हो."

"बरं. आता चहा सांग. आणि ही फाइलला लाव. वर लिही, उशिरा मिळाली."

मी निघाले तेव्हा ते सुशीलाला पुन्हा सांगत होते, "आलीच नव्हती गं माझ्याकडे."

मंडळीने घेतलेल्या शोकसभेत तिघे बाहेरचे बोलणार होते, त्यांत दिघे वकीलही होते. सुशीलाला घरात कोऱ्या चिठ्ठ्यांचं पुडकं सापडलं होतं. मी ते घेऊन दारात उभी राहिले. वकिलांनी चिठ्ठी घेतली, माझ्याकडे पाहिलं आणि लिहिलं, "नाही". म्हणाले, "बाई, आता राजधानी भोपाळला. आमच्यासारख्यांना तिथे कोण विचारतो? यंदा मी रिकामाच आहे." मी उभी राहून तिघांचे पक्ष सांगितले. मंडळी कोणत्याच पक्षाची नाही, हेही सांगितलं. मग त्या शनिवारची चूक कुणाची होती ते सांगितलं. वकील बोलायला उठले तेव्हा आधी म्हणाले, "म्हणजे मी भलत्याच माणसावर ओरडलो होतो. आणि त्याने माफी मागितली!" नवे पाळक सभेनंतर मला म्हणाले, "हे सांगणं पुन्हा सुरू करू या."

वही आता माझ्यासमोर आहे. परवाच्या शनिवारी एक नवे प्राध्यापक येणार आहेत. तीन रकाने भरले आहेत. चिठ्ठी आलेली नाही. त्यांचा पक्ष कोणता, हे मला तिघांनी तीन प्रकारे सांगितलं आहे आणि त्यातला एक बराच विश्वासू आहे. मघाशी मी पेन उघडलं होतं. टोपण लावून ठेवलं. उद्याच्या टपालात आली नाही, तर शनिवारी दारात विचारीन.