चिमट्याचा संप

आमच्या मावशीच्या चिमट्याला गावात डॉक्टरपेक्षा जास्त मान होता, असं मावशीच सांगते. तिचं सांगणं निम्म्याने घेतलं तरी बरंच उरतं. त्या काळी घरोघरी खुपऱ्या. हा डोळ्यांचा आजार वर्षानुवर्षं मुरला की पापणी आत वळते आणि केस बुबुळावर घासत राहतात. मग बायका दुपारी मावशीच्या दारात यायच्या, उजेडाकडे तोंड करून तिच्या मांडीवर डोकं ठेवायच्या, आणि ती एकेक केस उपटायची. डोळा तिच्या ताब्यात असल्यामुळे कोणी खोटं बोलत नसे. गावातली भांडणं, लग्नं आणि लफडी सगळ्यांत आधी मावशीला कळत.

मग नर्सबाई आल्या. गोळ्या आल्या, नळ आले, पोरांची तोंडं धुतली जाऊ लागली, वळलेल्या पापण्यांचं ऑपरेशन दवाखान्यात फुकट होऊ लागलं. बायकांना स्पष्ट दिसायला लागलं आणि गावात हाहाकार माजला. दुधातलं पाणी दिसलं. शिंप्याची वाकडी शिवण दिसली. वाण्याने गुपचूप तराजू बदलला. बायका कपड्यांच्या कारखान्यात कामाला लागल्या, आजीचा हात धरून फिरणाऱ्या नाती शाळेत गेल्या, आणि एकीने तर नवऱ्याकडे एकदा नीट बघून थेट माहेर गाठलं.

"डोळे सुधारले आणि माणसं बिघडली," मावशी म्हणायची. धंदाच बसला होता तिचा. शेवटी भुवया कोरायला शिकली. कारखान्यातल्या पोरी पगार झाला की येत, पण कानात वायरी घालून बसत. मावशीचं पोट भरायचं, कान उपाशी राहायचे.

जुनं गिऱ्हाईक एकच उरलं, तिची थोरली जाऊ. भिंतीला भिंत लागून घर आणि एरवी दोघींचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. तरी दर पंधरवड्याला जाऊबाई मांडीवर डोकं ठेवत आणि दोघी मिळून मेलेल्या सासूला पोटभर नावं ठेवत. ऑपरेशनचं नाव काढलं की जाऊबाई म्हणत, "मग तुझ्याकडे काय निमित्ताने येऊ?"

हे मावशीला इतकं गोड लागलं की तिने अक्कल गहाण टाकली. नर्सबाई तपासणीला यायच्या आदल्या दिवशी ती जाऊबाईंच्या पापण्या अशा साफ करी की बॅटरी मारूनही एक केस सापडत नसे. "छान आहेत हो आजींचे डोळे," म्हणत नर्सबाई पुढच्या घरी जात. मागे या दोघी तोंडाला पदर लावून हसत.

एका दुपारी जाऊबाई आरसा पुसत बसल्या होत्या. पदराने पुसला, ओल्या फडक्याने पुसला. "डाग जात नाही मेला!"

आरसा लख्ख होता. मावशीने त्यांची हनुवटी धरून डोळा बघितला. उपटलेले केस दर वेळी पुन्हा उगवताना घासून बुबुळावर पांढरा ठिपका पडला होता. आपल्या चिमट्याच्या भरवशावर बाई आंधळी होणार, हे मावशीला तिथेच कळलं.

त्या दिवसापासून तिने संप केला. केस वाढले, टोचू लागले. जाऊबाई भिंतीपलीकडून ओरडायच्या, "अगं कैदाशिणी, जीव घेतेस का माझा?"

"ऑपरेशनला चला. नाहीतर चिमटा गटारात टाकते."

"सासूपेक्षा वाईट निघालीस!"

हे मात्र मावशीला लागलं. आत जाऊन रडली, पण बधली नाही. नर्सबाईंना तिने आपली लबाडी सांगितली, मुकाट्याने बोलणी खाल्ली, आणि टोचणी असह्य होऊन जाऊबाई एकदाच्या हो म्हणाल्या तेव्हा त्यांना दंडाला धरून दवाखान्यात नेलं.

पट्टी निघाली. ठिपका राहिला, पण त्याचं वाढणं थांबलं आणि डोळ्यांचं सततचं पाणी खळलं. घरी आल्यावर जाऊबाईंनी मावशीला उंबऱ्यात उभी करून निरखलं.

"अगं बाई! तू तर पार म्हातारी झालीस गं. कधी झालीस?"

मावशीला उमाळाच आला. "डोळ्यात काहीतरी गेलंय," ती म्हणाली.

"ये इकडे." जाऊबाई खाली बसल्या, तिचं डोकं ओढून आपल्या मांडीवर घेतलं आणि दोन बोटांनी पापणी वर केली. बराच वेळ बघत राहिल्या.

"काही गेलेलं नाही. पण आता हलू नकोस. पलीकडच्या सुनेने काय केलंय, ते सांगते."