दहा बोटं

भांडुपला आमच्या चाळीखाली ब्लाउज शिवणाऱ्या बाईंच्या गळ्यात मापाची टेप आणि दम्याचा पंप दोन्ही लटकत असतात. समोर गिऱ्हाईक असलं तरी त्या पंप हलवतात, श्वास सोडतात, पंप ओढतात आणि तोंड मिटून एकेक बोट उघडत दहा मोजतात. तोवर कुणी बोलायचं नाही. मग विचारतात, "हां, गळा केवढा?"

माझ्या लेकीलाही दमा आहे. तिच्या लग्नाचा ब्लाउज टाकताना मी हळूच म्हटलं, "पंपासाठी आतून खिसा लावाल? सासरी सांगितलंय, पण चारचौघांत कशाला दिसायला हवा?"

"चोरीचो माल आसा काय गो?" म्हणाल्या, आणि त्याच कापडाचा, कमरेला लावायचा जरीचा बटवा शिवून दिला.

होमाच्या धुराने लेकीला धाप लागली. तिने सगळ्यांसमोर बटव्यातून पंप काढून ओढला. मी मान खाली घातली. पहिल्या रांगेतून बाईंचे हात वर आले आणि एकेक बोट उघडू लागलं. लेक त्यांच्याकडे बघत श्वास धरून बसली. भटजी पुढचा मंत्र म्हणायला गेले, तर बाईंनी त्यांना डोळ्यांनीच गप्प केलं.

दहावं बोट उघडलं तेव्हा माझी मान ताठ होती.