बिरूदादानं ओढलेल्या नळ्या

बिरूदादा आमच्या सांगलीच्या कॉलेजात प्रयोगशाळेचा शिपाई. मी मंगल, तिथंच झाडलोट करते, म्हणून सांगते: काचेची नळी तापवून केसागत बारीक ओढावी ती त्यानंच. आटपाडीचा धनगर गडी, शाळा चौथी, पण मोठमोठे सर त्याच्याकडं नळ्या मागत उभं ऱ्हायचे.

पाटणची सृष्टी त्याच नळ्यांवर पीएचडी करत व्हती. मोबाइलच्या पडद्यात असतो त्या जातीचा द्रव ती नळीत भरायची. मोकळ्या जागेत त्याचे कण सरळ रांगेत ऱ्हातात, अरुंद नळीत कोंडले की पीळ घेतात. डावा घ्यावा का उजवा, त्याला दोन्ही सारखंच. म्हणून निम्म्या नळ्या डाव्या, निम्म्या उजव्या निघायला पायजेत. हिच्या मातर समद्या उजव्या! दोन वर्सं त्येच. पोरगी हरकली, कायतरी नवं घावलं म्हणून. निबंध छापून आला, त्यात तिनं बिरूदादाचं आभार मानलं. आठवडाभर हा गडी ज्याला त्याला आपलं नाव दाखवत फिरला.

मग एका दुपारी नळी ओढता ओढता तो थांबला आन् आपल्याच बोटांकडं बघत बसला. जल्माचा मेंढराची लोकर कातलेला हात. काय बी ओढलं की बोटं आपसूक पीळ देणार, तो बी एकाच अंगाला. तोच पीळ काचेत आतनं उतरला व्हता, आन् द्रव त्याच्याच मागं वळत व्हता.

मी त्याला झापलं. म्हटलं, गप बस की, कुणाच्या बापाला कळतंय? पोरीचं वाटोळं करशील.

तो म्हणाला, “मंगल, तिच्या नावावर माज्या बोटांचं खोटं नगं.”

त्यानं तिला समदं सांगितलं. सृष्टीनं बाहेरनं नळ्या मागवून बघितल्या. निम्म्या डाव्या, निम्म्या उजव्या. तिनं निबंध मागं घेतला. पुन्ना पहिल्यापासनं करायला मुदत उरली नव्हती, पीएचडी तिथंच सुटली. त्याला एक शब्द वाकडा बोलली न्हाई बिचारी. माजाच जीव लय तुटला.

गावी निघायच्या दिशी ती त्याच्या पाया पडायला वाकली. बिरूदादानं पाय मागं घेतले, पार भिंतीला टेकला.

“नगं पोरी. तुजी दोन वर्सं खाल्ली मी.”

“मामा, तुम्ही खरं सांगितलंत म्हणूनच तर...” एवढंच बोलली आन् तिला हुंदका आला. ती तशीच वाकलेली, तो तसाच भिंतीला. शेवटी मीच तिला धरून उठवलं, तिच्या गाडीची येळ झाली व्हती.