गुडघा बरा झाल्याची पूजा

कबड्डीत गडी मारून परत येताना पंचाशी भांडायचं नसतं. मी भांडलो. सव्वीस जानेवारीला आमच्या नव्या सोसायटीत विवाहित विरुद्ध अविवाहित असा सामना होता. मी समोरच्या एकाला शिवून परत निघालो आणि मध्यरेषा हाताच्या अंतरावर असताना पंच झालेल्या खजिनदारांकडे वळून ओरडलो, “दिसलं का?” दम सुटला, म्हणजे बाद तर झालोच, शिवाय अंग वळलं आणि पाऊल मात्र भरावाच्या मातीत रुतून जागच्या जागी राहिलं. गुडघ्यात ‘कट्’ झालं. तेवढं मात्र खजिनदारांना ऐकू आलं.

लिगामेंट फाटलं होतं. प्लास्टर चढलं, उतरलं, आणि आतून निघाली ती माझी मांडी नव्हेच. खाडीवरच्या बगळ्याची असावी. मुंबईच्या हॉस्पिटलात व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी ती चिमटीत धरून पाहिली.

“दुखणं जाईल हो,” त्या म्हणाल्या, “पण सांधा ढिला झालाय. आता त्याला सांभाळणार ही मांडी. ही अशीच राहिली तर आतली गादी झिजत जाणार. आत्ता कळणार पण नाही. मग पन्नाशीत या माझ्याकडे, काठी टेकत. आणि मांडी घालून, उकिडवं बसणं सध्या बंद.”

आमचे आबा, म्हणजे वडील, शेवटची वर्षं घरातल्या घरात भिंत धरून चालले. मला ते नको होतं. अजिबात नको होतं.

हिनं जुन्या पायजम्याचा एक पाय कापून पिशवी शिवली. रेतीला तोटा नव्हता. आमच्या वसाहतीत तेव्हा माणसांपेक्षा रेतीचे ढीग जास्त. पिशवी घोट्याला बांधायची, खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा, धरून ठेवायचा, सावकाश खाली आणायचा. ऐकायला सोपं. करताना कपाळाला घाम. आणि मांडी थरथरायला लागली की नेमकी बेल वाजायची.

आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला यायचंच असतं, आणि आजारी माणूस आडवाच सापडायला लागतो. तो बसलेला दिसला, की आणलेली मोसंबी वाया गेल्यासारखे चेहरे होतात.

“अहो, हे काय भलतंच? आराम करा, आराम!”

हा शब्द ऐकला की माझ्या अंगाची आग व्हायची. आरामानेच मांडीची काडी झाली होती, आणि यांना अजून आराम पाहिजे होता, तोही माझ्या गुडघ्याला! पण तोंडाने मी काय म्हणायचो? “हो, करतोय ना. चहा घेणार?” स्वतःचाच इतका राग यायचा की पिशवीऐवजी पाहुणाच पायाला बांधून उचलावा.

या सगळ्यावर कडी केली दादांनी. थोरले भाऊ, मुक्काम सातारा. मी चालायला लागलो हे कळताच पूजेची पिशवी घेऊन हजर.

“गुडघा बरा झाला की सत्यनारायण घालीन, असं बोललोय मी. परवा जोडीनं बसा.”

“दादा, मांडी घालायची नाही सांगितलंय.”

“दीड-दोन तासानं काय होतंय? देव बघून घेईल.”

पूजेच्या दिवशी मी हिच्या पाटाशेजारी खुर्ची मांडून बसलो. भटजींची हरकत नव्हती. “चालतं, पळी हातात घ्या म्हणजे झालं,” म्हणाले. दादांची होती. सगळी सोसायटी जमलेली, आणि हे मोठ्यानं म्हणाले,

“देवापुढं खुर्ची? तू काय गव्हर्नर लागून गेलास? आबांचे गुडघे एवढे गेले होते, पण पूजेला खालीच बसायचे!”

मी ताडकन उठलो. “बसायचे. आणि उठवायचं कोण? तुम्ही नि मी, काखेत हात घालून! कळवळायचे ते, विसरलात? गुडघा बरा झाला म्हणून पूजा, आणि त्या पूजेसाठी तोच गुडघा परत मोडून ठेवायचा? तुमचा नवस आहे ना? मग तुमचे गुडघे वाकवा आणि तुम्हीच बसा!”

भटजींची पळी हवेतच राहिली. खजिनदार प्रसादाच्या शिऱ्याकडे बघायला लागले. मी पुन्हा खुर्चीत बसलो, पूजा खुर्चीतूनच पार पडली, आणि संध्याकाळच्या एसटीनं दादा निघून गेले.

मी धुमसत बसलो. दादांवर, शेजाऱ्यांवर, आणि चारचौघांत थोरल्या भावावर ओरडलेल्या स्वतःवर. ही चौरंगाचे केळीचे खांब सोडत होती.

“भावजींना पत्र मी लिहिते,” ती म्हणाली. “तुम्ही लिहिलंत तर त्यातही भांडाल.” मग खांब बाजूला ठेवून माझ्याकडे वळली. “मघाशी उठलात ना, तेव्हा खुर्चीला हात लावला नाहीत. दुखऱ्या पायावर सरळ उभे राहिलात. प्लास्टर काढल्यापासून पहिल्यांदा. ओरडायचं काय कारण होतं हो? नुसतं तेवढं दाखवलं असतंत तरी चाललं असतं.”