विलायती गौराई

बसा, चहा निवू द्या. माझ्या हातून जसं विसर्जन झालं, तसं साऱ्या खानदेशात कुणाच्या हातून झालं नसेल.

लग्न नवं होतं. धनी अक्कलकुव्याला जंगलसाहेबाच्या बंगल्यावर माळी लागले आणि मागे राहायला खोली मिळाली. खोली कसली, खुराडं! पण सासूबाई रनाळ्यात, मी इकडे आणि मधे तापीमाई. मला तर तो राजवाडाच.

साहेबाची मडम नवी होती. भर चैत्रात तिनं विलायती फुलांचं बी टोपलीत पेरलं. आपल्याकडे चैत्रात कावळासुद्धा सावली बघून उडतो, पण मडमेला सांगणार कोण? मग ती साहेबाबरोबर काठी गावाकडे दौऱ्यावर निघाली. जाताना तिनं धन्यांना बजावलं, धन्यांनी मला.

"टोपलीले ऊन दखाडू नको. वर फडकं ठेव. हातवरी पानी शिपड. अन् मडम येस तोपर्यंत हालू नको."

"मंग मन्ही आखाजी?"

"औंदा माहेर नही."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळ्या लेकी माहेरी झोके घेणार आणि मी टोपली राखणार. रडले. रडता रडता टोपलीकडे पाहिलं. मूठभर माती, वर फडकं, अंधार, हलकं पाणी, आणि महिना चैत्राचा. अहो, ही तर गौराई! आमच्याकडे टोपलीत गहू पेरून असेच अंधारात वाढवतात आणि आखाजी झाली की गाणी म्हणत नदीत सोडतात. शिवाय मडमेला मी रोज गुडघे टेकून टोपलीशी लाडानं बोलताना पाहिलं होतं. पूजा नाही तर काय?

मग मी हळदकुंकू वाहिलं, रोज गाणी म्हटली. कोंब आले ते तिळाएवढे. म्हटलं, विलायती गौराई, नाजूक असायचीच.

आखाजी उलटली तरी मडमेचा पत्ता नाही. गौराई घरात राहिली तर संसाराला बरं नसतं. मडमेचा संसार मोडायला नको म्हणून, धनी बाजारात गेलेले असताना, शेजारच्या बाया गोळा केल्या आणि वाजतगाजत टोपली डोहात सोडली.

मडम आली ती थेट टोपलीच्या जागी. तिनं धन्यांकडे पाहिलं, धन्यांनी माझ्याकडे.

मी ऐटीत म्हटलं, "मडमले सांगा, काळजी करू नको. मी बुडाई उनू."

"काय बुडाई उनी?"

"मडमनी गौराई."

धनी मटकन ओट्यावर बसले. "अवं, ती गौराई नही व! फूलनं बियानं शे ते, समुंदरपारनं."

"मंग ती पाया कसाले पडे?"

"पाया नही पडे. कोंब दखे."

मडम रडली. साहेब हसून हसून टोमॅटो झाला. त्या फुलाचं नाव म्हणे 'मला विसरू नको' असं. धन्यांची नोकरी वाचली, पण मडमेनं नवं बी मागवलं आणि हुकूम सोडला : ही फुलं फुलेपर्यंत ही बाई बंगल्यावर नको.

रनाळ्याला सासूबाई दारातच उभ्या. "उनी का व? गौराई बुडाडी, आते माले बुडाडाले उनी का?"

म्हटलं, थोड्या दिवसांचाच प्रश्न आहे, फुलतील. पण आपल्या उन्हात ती फुलतात कुठली? दरसाल कोंब यायचे, दरसाल करपायचे. साहेबाची बदली होईपर्यंत मी सासूबाईंची चूल फुंकत बसले. ती फुलं फुलावीत म्हणून मडम तिकडे काय करत होती, ठाऊक नाही. मी मात्र इकडे रोज गौराईच्या पाया पडत होते.