नेऱ्याची अर्धी विहीर

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. नेरे गावाहून करंजाड्यात आम्हाला दूध घालणाऱ्या म्हाताऱ्याशी मी मुद्दाम खोटं बोललो, आणि तेव्हापासून त्याची विहीर तीन वर्षं अर्धी पडून आहे.

मी कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवतो. विहिरीला सुरुंग लावताना कातळातल्या पोकळीत चकाकणारे खडे निघाले, त्यातला एक त्याने रुमालात बांधून आणला. "सर, हिरा हाय का? नसल तर नाय सांगा, राग नाय."

ती साधी गारगोटी. कातळातल्या बुडबुड्यांत पाणी झिरपून असे खडे वाढतात. इथे कुठेही खणा, निघतात. हिऱ्याला दीडशे किलोमीटर खोली लागते, तीही जुन्या खंडाच्या जाड, थंड मुळाशी, जिथे दाब प्रचंड आणि उष्णता बेताची. तिथून एखाद्या अरुंद नळीतून झपाट्याने वर फेकला गेला तरच तो टिकतो. वाटेत रेंगाळला तर त्याचं पेन्सिलीतलं शिसं होतं. आपला कातळ म्हणजे बऱ्याच वरच्या, तापलेल्या थरातून येऊन पसरलेला लाव्हारस. त्यात हिरा कुठून येणार?

एवढं सांगायला दोन मिनिटं लागली असती. पण मला त्या रुमालाची किळस आली, त्याच्या आशेची त्याहून जास्त. विमानतळ येऊन जमिनींना सोन्याचा भाव आल्यापासून इथे ज्याला त्याला वाटतं, आपल्याच जमिनीतून काहीतरी निघणार. मी चेहरा गंभीर केला. "तपासायला पाठवतो, दादा. तोवर सुरुंग लावू नका, हिरे फुटतील."

मग स्टाफरूममध्ये त्याची नक्कल केली. आयुष्यात एक दगड स्वतः न फोडलेले पीएच.डी. लोक खिदळले. त्यांच्यासाठी केलं मी हे.

महिनाभर तो विचारत राहिला. अजून रिपोर्ट आला नाही, असं मी सांगायचो. मग त्याने विचारणं सोडलं. सुरुंग मात्र लावला नाही.

यंदा वैशाखात त्याची सून दूध घेऊन आली. टँकरवरून हंडा आणताना सासरे पडले, कंबर मोडली, म्हणाली. मी विहिरीचं विचारलं.

"तुमीच थांबवली ना, सर. तुमचा कागद येत नाय तवर कुनी हात लावायचा नाय, असं हाय त्यांचं."

मी पातेलं पुढे केलं. दूध तापवलं, चहा केला, प्यायलो. माझ्याइतका भिकार माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

नेऱ्याला जाऊन, त्याच्या खाटेशी बसून मला सांगायचंय की तो हिरा नव्हता, मला पहिल्याच दिवशी माहीत होतं, विहीर खणा. एवढं मी त्याचं देणं लागतो. अजून गेलेलो नाही.