दोन चिठ्ठ्या आणि एक रजा

वाळलेल्या लिंबांचा वास नाकात शिरला की साठच्या दशकातली दुबईच्या देऱ्यातली पेढी आठवते. खाडीकाठी दुकान, दारात पोत्यांची चळत आणि आत आम्ही दोघे रत्नागिरीकडचे कारकून. ईदच्या आधी मुंबईला जाणारी बोट लागली होती आणि रजा एकालाच मिळणार होती. माझ्या बहिणीचं लग्न ठरलं होतं. माझ्या जोडीदाराला सात महिन्यांची मुलगी होती, तिचं तोंडही त्याने पाहिलं नव्हतं. शेठ म्हणाले, “मला भांडणं नकोत. एकमेकांशी न बोलता चिठ्ठीवर एक नाव लिहा. दोन्हींवर तेच नाव आलं तर तो जाईल, नाहीतर दोघेही इथेच. यल्ला, चला, लिहा लवकर!” मी विचार केला, हा लेकीचा बाप, स्वतःचंच नाव लिहिणार. म्हणून मीही त्याचंच लिहिलं. शेठनी चिठ्ठ्या उघडल्या, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचल्या. त्याने माझं नाव लिहिलं होतं. “मला वाटलं, दोघंही आपापलंच लिहाल,” शेठ पुटपुटले, पण शब्द फिरवला नाही. बाहेर आल्यावर मी चिडून विचारलं, “गाढवा, मुलीला बघायचं नव्हतं तुला?” तो म्हणाला, “आणि तुझी बहीण काय दोनदा लग्न करणार होती? मला वाटलं, तू तुझंच लिहिशील.” बोट गेली. पुढच्या वर्षी तो घरी पोहोचला तेव्हा मुलगी धावायला लागली होती, आणि त्याला बघून आईमागे लपली. आज वाटतं, त्या दिवशी मी स्वतःचं नाव लिहायला हवं होतं. निदान आमच्यातला एक तरी घरी गेला असता.